मराठी पोस्टर वाचले जात नाही? या चुका टाळा

दिवाळी पहाटेच्या मैफलीचे पोस्टर असो किंवा पुण्यात कर्वे रस्त्यावरच्या एखाद्या क्लासचा फलक, तो न वाचला जाण्याचे कारण बहुतेक वेळा एकच असते: पाहणाऱ्याची नजर प्रथम कुठे जावी, हे आधी ठरवलेलेच नसते. गायिकेचे नाव, प्रायोजकांची बोधचिन्हे, निमंत्रकांची छायाचित्रे आणि तिकिटांची माहिती हे सारे एकाच आकारात मांडले, तर नळ स्टॉपच्या सिग्नलला थांबलेल्या दुचाकीस्वाराला त्यातले काहीच टिपता येत नाही. म्हणून संगणक उघडण्यापूर्वी मजकुराचा क्रम कागदावर लिहून काढावा आणि पहिल्या दोन पायऱ्यांच्या अक्षरांत ठळक फरक ठेवावा. १८ पॉइंटशेजारी २० पॉइंट ठेवले, तर तो फरक मुद्दाम केलेला न वाटता चुकून राहिलेला वाटतो.

याहून अधिक नुकसान होते ते देवनागरीला रोमन लिपीचे नियम लावल्यामुळे, आणि मराठीत काम करणाऱ्यांनी तरी ही गोष्ट मनावर घ्यावी, असे मला कळकळीने वाटते. रोमन अक्षरे सुटी असल्याने त्यांच्यातील अंतर वाढवले की मथळा ऐसपैस दिसतो. मराठीत तेच केले की शिरोरेषा तुटते आणि शब्दाचे तुकडे पडतात. मथळा मोठा दिसायला हवा असेल, तर अंतर न वाढवता अक्षराची जाडी किंवा आकार वाढवावा. ओळींच्या अंतराचेही तसेच आहे. अडोबीच्या सॉफ्टवेअरमध्ये ते आपोआप अक्षराच्या आकाराच्या १२० टक्के ठेवले जाते. त्यामुळे वरच्या ओळीतल्या ‘मृत्यू’चा उकार खालच्या ओळीतल्या ‘सर्वांचे’वरील रफाराला आणि अनुस्वाराला भिडू शकतो. मजकुरासाठी १५० टक्क्यांच्या आसपास सुरुवात करून पुढचे डोळ्यांनी ठरवावे.

अडोबीच्या इनडिझाइन या पानमांडणीच्या सॉफ्टवेअरमध्ये ‘किल्ला’ लिहिल्यावर पहिली वेलांटी क-च्या उजवीकडे गेली किंवा जोडाक्षर फुटले, तर फाँट बदलत बसू नये. परिच्छेदाच्या मेनूत ‘वर्ल्ड-रेडी पॅराग्राफ कंपोझर’ निवडला की ते सहसा जागेवर येते. संपूर्ण मजकुराऐवजीच विचित्र चिन्हे दिसत असतील, तर तो युनिकोड ही आजची सर्वमान्य संकेतपद्धती येण्यापूर्वीच्या फाँटमध्ये टाइप केलेला असण्याची शक्यता मोठी असते. त्याचे रूपांतर करून घ्यावे आणि नंतर मुद्रितशोधन करावेच, कारण ‘दुसऱ्या’, ‘कऱ्हाड’ अशा शब्दांत रूपांतरानंतर चुका राहू शकतात.

एका पोस्टरवर चार फाँट वापरण्याचीही गरज नसते. ‘एक टाइप’ या फाँट बनवणाऱ्या संस्थेचा ‘मुक्ता’ हा मुक्त परवान्याचा फाँट ७ जाड्यांत मिळतो आणि तेवढ्यात साऱ्या पायऱ्या नीट दाखवता येतात. रंगांची जोडी तपासण्यासाठी डिझाइन कृष्णधवल करून पाहावे; लाल अक्षरे हिरव्या पार्श्वभूमीत विरघळत असतील, तर ते तिथे लगेच कळते.

छपाईची फाइल मात्र आरजीबीत, म्हणजे पडद्यासाठीच्या लाल-हिरव्या-निळ्या रंगपद्धतीत, पाठवू नये. चमकदार निळे आणि हिरवे रंग सीएमवायकेत, म्हणजे छपाईच्या चार शायांच्या पद्धतीत, मंद होतात, तेव्हा ते बदल स्वतः आधी पाहून मगच फाइल छापखान्यात द्यावी. कडेला ३ मिलिमीटर ब्लीड, म्हणजे कागद कापताना निघून जाणारा जादा भाग, सोडावा. व्हॉट्सअ‍ॅपवर फोटो म्हणून आलेले चित्र आकसलेले असते, म्हणून ते डॉक्युमेंट म्हणून मागवावे. ए४ आकारात ३०० डीपीआयसाठी (इंचामागे ३०० ठिपके) २४८० बाय ३५०८ पिक्सेल लागतात. बारीक मजकूर केवळ काळ्या शाईत ठेवावा, कारण चार शायांचे ठसे किंचित सरकले तरी अनुस्वार पुसट होतो.