ग्लायकोस्टेरॉइड वितळलं की मायक्रोस्कोपखाली सगळं काळं दिसतं? माझा अनुभव

ग्लायकोस्टेरॉइड म्हणजे साखर जोडलेलं स्टेरॉइड; माझा होता महापेच्या लॅबमधला कोलेस्टेरॉल-ग्लुकोज जोडलेला नमुना. हॉट स्टेजवर (मायक्रोस्कोपखालची तापणारी पाटी) वितळला की क्रॉस्ड पोलरायझरमध्ये (एकमेकांना काटकोनात लावलेले ध्रुवण-फिल्टर) अख्खं फील्ड काळं, म्हणजे साधा द्रव झाला असं वाटणार, पण डीएससीत (तापवताना नमुना किती उष्णता घेतो ते मोजणारं यंत्र) अजून वरच्या तापमानाला एक छोटा पीक येतोय, म्हणजे अजून एक बदल बाकी! नवीन बॅच घेतली, पोलरायझर परत जुळवले, फरक शून्य. डोकं फिरलं.

शेवटी जे चाललं ते असं. पावसाळ्यात साखरेचा भाग हवेतलं पाणी ओढतो म्हणून आधी नमुना व्हॅक्यूममध्ये नीट सुकवायचा, मग स्लाइड आणि कव्हर स्लिपमध्ये कणभर घेऊन फक्त वितळेपर्यंत तापवायचं, तापमान तिथेच धरायचं आणि चिमट्याच्या टोकाने कव्हर स्लिप हलकेच सरकवायची. लख्खकन उजेड येतो, तेलकट पट्टे दिसतात, मग हळूहळू परत काळं. म्हणजे हा स्मेक्टिक ए (थराथरांचा द्रव स्फटिक, अजून साधा द्रव नाही), रेणू काचेला काटकोनात उभे, आणि त्या दिशेने बघताना प्रकाशाचं ध्रुवण बदलतच नाही.

हवेच्या बुडबुड्याची कडाही बघा, तिथे रंग दिसत राहतात. फोकल कॉनिक (स्मेक्टिकची पंख्यासारखी नक्षी) हवं असेल तर नवा कण घ्या, पटकन वरच्या पीकपलीकडे नेऊन सावकाश थंड करा, वर रेंगाळलात तर साखर करपून तपकिरी होते.