बुटका डायनासोर म्हणजे पिल्लू नव्हे: या चुका टाळा

विज्ञान प्रदर्शनाचे दिवस आले की लातूर-उदगीरकडच्या शाळांत लांब मानेच्या डायनासोरांचे तक्ते हमखास दिसतात. पोरं जीव ओतून काढतात. म्हणूनच दरवर्षी त्याच चुका बघून वाईट वाटतं.

सगळ्यांत मोठी चूक म्हणजे हाड लहान दिसलं की खाली 'पिल्लू' लिहून मोकळं व्हायचं. हाळीच्या बाजारात देवणी गोऱ्हा घेताना कुणी उंचीवरून वय ठरवत नाही. तोंड उघडून दात बघतात: आदत, दोन दाती, चार दाती, जुळलेला. डायनासोरांचे मात्र दातही उपयोगाचे नाहीत, कारण ते आयुष्यभर पडून नवे येत राहायचे. कॅमॅरासॉरस या लांब मानेच्या डायनासोरचा दात साधारण 62 दिवसांत बदलायचा. मग वय हाडाच्या आत शोधावं लागतं. मांडीच्या हाडाचा कागदाहून पातळ काप घासून सूक्ष्मदर्शकाखाली धरतात. वाढत्या जनावराच्या हाडात रक्तवाहिन्यांची जाळी गच्च दिसते. वाढ थांबली की बाहेरच्या कडेला रेषा एकमेकींना चिकटून येतात आणि रक्तवाहिन्या जवळपास संपतात. जर्मनीत गोस्लारजवळच्या खाणीतला लांब मानेचा बुटका डायनासोर युरोपासॉरस जेमतेम 6.2 मीटर लांब, पण त्याच्या मोठ्या हाडांत ही कडा सापडली. 2006 मध्ये ठरलं, हा पूर्ण वाढलेला!

'खायला मिळालं नाही म्हणून खुरटला' असंही लिहू नका. दुष्काळात खुरटलेल्या गायीच्या वासराला पोटभर चारा मिळाला तर ते चांगलं भरतं. युरोपासॉरसचा बुटकेपणा पिढ्यान्‌पिढ्या उतरलेला होता. तो राहायचा त्या बेटावर जागा आणि चारा बेताचा, तिथं कमी अंगाचे तगले. त्यांची वाढच मंदावली होती.

आता वंशावळ. सगळे बुटके एकाच भावकीत बसवू नका. युरोपासॉरस कॅमॅरासॉरस-ब्रॅकिओसॉरसच्या जवळचा. रोमानियातल्या हात्सेग खोऱ्यातला बुटका मॅग्यारोसॉरस टायटॅनोसॉर या लांब मानेच्याच वेगळ्या कुळातला, आणि दोघांत सुमारे 8 कोटी वर्षांचं अंतर. बुटकेपणा दोन्हीकडे आपापला आला.

पिल्लाच्या हाडांवरून नातं जोडताना तर फारच जपा. मोठेपणी येणाऱ्या खुणा त्याच्या अंगावर नसतात. अमेरिकेतल्या वायोमिंगमधलं 'टोनी' हे सुमारे 2 मीटरचं पिल्लू 2007 मध्ये डिप्लोडोकसच्या गोतात धरलं गेलं, 2012 मध्ये ब्रॅकिओसॉरसकडे गेलं. तज्ज्ञांचीही गफलत होते, तेव्हा वंशावळीत पिल्लाची फांदी पेन्सिलनंच काढा.

आणि विहीर खणताना काळ्या खडकात निघणारे गोल गोटे 'डायनासोरची अंडी' म्हणून मांडू नका. तो लाव्हाचा खडक आहे, झिजताना कांद्यासारखे पापुद्रे सुटून गोल होतो. गोटा फोडून बघा, आत तोच काळा दगड. खरी हाडं बघायची तर चंद्रपूर जिल्ह्यातलं डोंगरगाव नकाशावर दाखवा. लांब मानेचा इसिसॉरस तिथलाच.