बंद वाडा, रिकामा गाळा उघडताय? या चुका टाळा

वाई, मिरज, तासगाव, कुठल्याही जुन्या पेठेतून चक्कर मारा, कुलपं गंजलेली दारं दिसतातच. ती उघडून काही सुरू करायचं बऱ्याच जणांच्या मनात असतं. पण सुरुवात होते रंगाच्या डब्यापासून, आणि तिथेच गाडी अडते.

आधी कागद. मालमत्ता पत्रकावर अजून आजोबांचं नाव, वारस सात, दोघं मुंबईत, एक आत्या कोल्हापुरात. इथला भाऊ "करा की खुशाल" म्हणाला म्हणून पैसे घालू नका. धंदा चालायला लागला की आत्याला हिस्सा आठवतो! सगळ्यांच्या सह्या घ्या. "अकरा महिन्यांचा करार, नोंदणी कशाला?" हेही सोडा. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, १९९९ नुसार करार लेखी आणि नोंदणीकृतच लागतो, मुदत कितीही असो. नोंदणीची जबाबदारी मालकाची. तसंही अकरा महिन्यांत दुरुस्तीचा खर्च निघत नाही. तीन-पाच वर्षं मागा आणि दुरुस्तीचे पैसे भाड्यातून वळते करायचं कलम घाला.

मीटर घरगुती असेल तर दुकान उघडण्याआधीच महावितरणकडे वापर बदलून घ्या. नाहीतर वीज कायद्याच्या कलम १२६ खाली दुप्पट दराने बिल येतं.

जुन्या भिंतीला सिमेंटचा गिलावा ही तर सगळीकडची चूक. माती-चुन्यातली भिंत ओल बाहेर टाकत असते. सिमेंटने ती आत कोंडते, मग पापुद्रे सुटतात आणि लाकडी खांबाचं बूड कुजतं. गिलावा झालाच असेल तर आधी कौलं आणि पन्हळ बघा, बऱ्याचदा पाणी तिथूनच मुरत असतं. मग सुटलेला भाग खरवडा, उन्हाळाभर भिंत वाळू द्या आणि चुन्याचाच हात मारा. गवंडी कुरकुर करेल, करू द्या.

सांगलीत नदीकडच्या पेठेत गाळा घेताना शेजाऱ्याला २०१९ आणि २०२१ चं पाणी कुठवर आलं होतं ते भिंतीवर हात ठेवून दाखवायला सांगा. विजेचा बोर्ड, फ्रीज त्या खुणेच्या वर. हळद, बेदाणा तळमजल्यावर रचू नका; हरिपूरच्या पेवांत, म्हणजे हळद साठवायच्या जमिनीखालच्या खड्ड्यांत, २००५ च्या पुरात पाणी शिरून हळदीची काय गत झाली, ते इथल्या व्यापाऱ्यांना विचारा. माल माळ्यावर चढवण्याआधी तुळईला वाळवी नाही ना, एवढं बघा.

राहता राहिलं गिऱ्हाईक. २०१७ मध्ये भिलार पुस्तकांचं गाव झालं, तिथे नवी इमारत न बांधता लोकांच्या राहत्या घरांत पुस्तकं ठेवली. ते बघून आपल्याही गावात तसंच करू म्हणणारे विसरतात, की भिलार पाचगणी-महाबळेश्वरच्या वाटेवर आहे, पर्यटक तिथे आधीपासून येत होता. विट्यात किंवा आष्ट्यात कॅफे टाकून पुण्याच्या गाडीची वाट बघण्यात अर्थ नाही. पेठेतल्या लोकांना कशासाठी शहरात जावं लागतं ते विचारा: शिवणयंत्राची दुरुस्ती, झेरॉक्स, अभ्यासिका, मसाला कांडप. गाळा मोठा असेल तर एकट्याने सगळा घेऊ नका. पुढची खोली तुमची, मागची दळपवाल्याला, आणि ओटा आठवडी बाजाराच्या दिवशी बचत गटाच्या बायकांना रोजाने द्या. भाड्याचा भार वाटला जातो आणि दार रोज उघडं राहतं.