मुहूर्त १२:३१चा आहे, मग फोटोंचं प्लॅनिंग मागून पुढे करा

लग्नाचे फोटो काढायला लागून बरीच वर्षं झाली आणि अजूनही लोकांचा पहिला प्रश्न तोच, ताई कॅमेरा कुठला वापरता? दुसरा, ड्रोन आहे का? मुहूर्त किती वाजताचा ते मात्र मलाच विचारावं लागतं. अहो, फोटो चांगले येणार की नाही ते अर्धं तिथेच ठरतं. मुहूर्त काही हलत नाही, त्यामुळे तो धरून उलटं मोजत यायचं, आणि ते आदल्या रात्री नाही, निदान पंधरा दिवस आधी करायचं.

समजा मुहूर्त दुपारी १२:३१चा आहे. नवरी गौरीहराशी ११:४५ला बसणार. म्हणजे ११:१५ला ती पूर्ण तयार हवी, दागिने, मुंडावळ्या, हिरवा चुडा सगळ्यासकट, कारण मधला अर्धा तास तिच्या एकटीच्या फोटोंचा. नऊवारी नेसवायला अर्धा-पाऊण तास, मेकअप आणि हेअरला दोन तास, म्हणजे ८:३०ला खुर्चीत बसायचं. आणि मेकअपवाली ८:३०ला येते म्हणाली की ती ९ला येते, म्हणून तिला ८ सांगायचं. सकाळी अजून काही विधी असतील, घाणा वगैरे, तर ते याच्याही आधी. हे सगळं एका कागदावर लिहा आणि तो कागद नवरीच्या आईकडे देऊ नका, तिला त्या दिवशी शंभर कामं असतात, एखाद्या मावसबहिणीकडे द्या जी घड्याळ बघून ओरडू शकते.

तयारीच्या खोलीबद्दल थोडं जास्त लिहिते कारण तिथेच सगळ्यात जास्त फोटो वाया जातात. कार्यालयात वधूपक्षाची खोली म्हणजे बॅगा, हँगर, नाश्त्याच्या प्लेटा, कुणाचं तरी झोपलेलं बाळ, आणि मधोमध नवरी. कार्यालय बघायला जाता तेव्हा जेवणाच्या हॉलइतकंच ही खोली पण बघा, खिडकी आहे का, सकाळी तिथून उजेड येतो का. खिडकी असेल तर मेकअपची खुर्ची तिच्या समोर किंवा थोडी तिरकी लावायची, पाठ करून नाही, आणि ट्यूबलाइट बंद करायची. दोन रंगांचे उजेड एकत्र आले की एक गाल निळसर आणि एक पिवळट दिसतो. बॅगा सगळ्या एका बाजूला ढकला, एक कोपरा तरी रिकामा ठेवा. एवढं केलंत तरी फोटोत फरक दिसतो, आणि खर्च शून्य.

गौरीहराचं पण तसंच. मला स्वतःला अख्ख्या लग्नात तो क्षण सगळ्यात आवडतो. मामाने दिलेल्या पिवळ्या साडीत नवरी एकटी बसलेली असते, गौरीला अक्षता वाहत असते, आजूबाजूला गोंधळ पण ती शांत. आणि नेमकं हे आपण कुठे मांडतो? जिन्याखाली नाहीतर स्टेजमागच्या अंधाऱ्या बोळात! गुरुजींना आधी विचारून घ्या, दिशेचं त्यांचं गणित सांभाळून जागा खिडकीजवळ घेता येते का, बहुतेक वेळा येते.

आता डेकोरेशन. मंडपाचं कापड लाल-गुलाबी असलं आणि वरून ऊन आलं की खाली सगळ्यांचे चेहरे गुलाबी, फ्लॅश वर मारला तरी तोच रंग परत खाली येतो. छताला पांढरं किंवा क्रीम कापड सांगा, रंग बाजूच्या झालरींना द्या हवा तेवढा. आणि स्टेजवरच्या त्या जांभळ्या-निळ्या एलईडी... कळकळीची विनंती आहे, विधी चालू असताना बंद ठेवायला सांगा. जांभळ्या उजेडातला चेहरा नंतर कॉम्प्युटरवर पण धड सुधारत नाही, कारण त्वचेचा खरा रंग कॅमेऱ्यात आलेलाच नसतो. रिसेप्शनला डान्सच्या वेळी लावा ना, तेव्हा छान दिसतात.

मंगलाष्टकं. अंतरपाट बाजूला होतो आणि दोघं एकमेकांना बघतात, हार घालतात, हा सगळा मामला काही सेकंदांचा. तेवढ्यात अक्षता पडत असतात, वाजंत्री सुरू, आणि पन्नास मोबाइल वर. माझ्याकडे एक फोटो आहे ज्यात नवरीच्या चेहऱ्याच्या जागी कुणाच्या तरी काकांचा फोन आहे, त्या फोनच्या स्क्रीनवर ती मस्त दिसतेय. हे टाळायचं तर चार गोष्टी. फोटोग्राफर दोन हवेत, एक नवऱ्याच्या खांद्यामागून नवरीचा चेहरा घेणारा आणि दुसरा उलट बाजूने, एकट्या माणसाला दोन्ही चेहरे मिळत नाहीत. व्हिडिओवाला कुठे उभा राहणार ते आधी ठरवा, नाहीतर तो बरोबर मधे येतो. अंतरपाट धरणाऱ्यांना सांगून ठेवा, पाट काढला की त्याच्याबरोबर तुम्ही पण बाजूला व्हा, तिथेच उभं राहून हसू नका. आणि शेवटचं मंगलाष्टक सुरू व्हायच्या आधी माइकवरून एकदा सांगायचं, जवळच्यांनी मोबाइल खाली ठेवा, फोटो सगळ्यांना पाठवू. सगळे ऐकत नाहीत पण अर्धे ऐकतात. हे सांगायचं काम गुरुजींकडे द्या, त्यांचं ऐकतात लोक.

अक्षता हवेत थांबलेल्या हव्या असतील तर फोटोग्राफरने शटरचा वेग १/५०० सेकंदाच्या आसपास ठेवायला हवा, १/१००ला त्या रेघा दिसतात. हे तुम्ही त्याला शिकवायला जाऊ नका, पण फोटोग्राफर ठरवताना हॉलमधल्या एका अख्ख्या लग्नाचे फोटो दाखवायला सांगा. निवडक वीस फोटो कुणाचेही चांगलेच असतात.

गुरुजींशी आदल्या दिवशी पाच मिनिटं बोलायला हवंच. विधींचा क्रम घराघरात वेगळा असतो, लाजाहोम कधी, सप्तपदीच्या तांदळाच्या राशी कुठल्या बाजूला मांडणार, कानपिळी करणार का (करा हो, नवरीचा भाऊ नवऱ्याचा कान पिळतो तेव्हा नवऱ्याचं तोंड बघण्यासारखं असतं). राशी कळल्या की चालत येणाऱ्या दोघांच्या समोर जागा धरता येते. मात्र गुरुजी जरा थांबा, परत करा, असं मी म्हणत नाही आणि कुणी म्हटलेलं मला आवडत नाही. हुकलं तर हुकलं.

ग्रुप फोटोंचा घोळ वेगळाच. अक्षता पडल्या की पब्लिक पंगतीकडे पळतं, आणि ज्यांचे फोटो हवेत ते सापडत नाहीत. एका लग्नात नवरीची आजी, लांबून प्रवास करून आलेली, जेवून खोलीत आडवी झाली आणि संध्याकाळपर्यंत कुणाच्या लक्षातच नाही. त्या अल्बममध्ये आजी एकाच फोटोत आहे, मागे, अर्धी. तेव्हापासून मी लिस्ट मागतेच. बारा ते पंधरा ग्रुप, एकेकाला दोन मिनिटं, म्हणजे अर्धा तास. सगळ्यात म्हातारी माणसं आणि लहान मुलं पहिली, मित्रमंडळी शेवटी, ती कुठे जात नाहीत. आणि दोन्हीकडचा एकेक माणूस हवा, मोठ्या आवाजाचा, सगळ्या नातेवाइकांना नावाने ओळखणारा, कारण धाकटे मामा कोण हे मला कसं कळणार?

नवरा-नवरीने काहीतरी खाऊन घ्या. उपास असेल तर दूध, फळं, निदान लिंबूपाणी. उपाशी चेहरा दुपारी २ला मेकअपमधूनही दिसतो, त्यात होमाचा धूर. पर्समध्ये टिश्यू, पिना, कुंकू ठेवा, आणि मुंडावळी डोळ्यावर आली की नीट करणारी एक करवली कायम जवळ हवी.

दोघांचे निवांत फोटो कधी काढायचे हा प्रश्न उरतोच. दुपारी १ ते ३ उघड्यावर नको, डोळ्यांखाली काळं दिसतं, फारच वेळ नसेल तर व्हरांड्याच्या सावलीत उभे राहा. पुण्यात डिसेंबरमध्ये सूर्य ६च्या सुमाराला मावळतो, मे महिन्यात ७च्या आसपास, तर त्याआधीचा पाऊण तास राखून ठेवा. फक्त कार्यालय किती वाजेपर्यंत आपलं आहे ते बघा, बऱ्याच ठिकाणी ४-५ला पुढच्या पार्टीचं सामान दारात येतं. गोरज मुहूर्त असेल तर उलटं करायचं, तो उजेड मुहूर्तातच जातो, मग ४ वाजताच दोघांचे वेगवेगळे फोटो उरकून घ्या, एकत्र फोटो नंतर लाइटवर.

ड्रोनचं एवढंच, विमानतळाजवळ वगैरे परवानगीशिवाय उडवता येत नाही, २०२१च्या नियमांत हिरवे, पिवळे, लाल झोन ठरवलेले आहेत. ऑपरेटरला विचारा. नसला तरी काही बिघडत नाही.

आणि फोटोग्राफरचे तास किती वाजता संपतात ते बघा, ते बहुतेक पाठवणीला संपतात. मग सासरी माप ओलांडताना दिराचा मोबाइल, डोक्यावर ट्यूबलाइट आणि नवरीच्या मागे दारातल्या चपलांचा ढीग. फोटोग्राफरला तिथपर्यंत न्यायचं नसेल तर निदान त्या दिराला सांगून ठेवा: चपला हलव, तू घराच्या आत जा, उंबऱ्यासमोर खाली बस, आणि नवरीचा उजवा पाय मापाला लागायच्या आधीपासून बटण दाबून धर.