'मिड्रिफ' हा शब्द कसा वाचावा आणि कसा वापरावा

इंग्रजी मजकुरात 'मिड्रिफ' हा शब्द आला, की तो मजकूर कोणत्या काळातला आहे हे आधी पाहावे, कारण या शब्दाने जुना लेखक शरीराच्या आतला स्नायू दाखवतो आणि आजचा लेखक बाहेरून दिसणारे पोट. जुना अर्थ श्वासपटल असा आहे. छाती आणि उदर यांच्यामध्ये आडवा पसरलेला हा घुमटाकार स्नायू आकुंचन पावून खाली सरकला, की फुफ्फुसांत हवा शिरते.

प्राचीन इंग्रजीत या शब्दाचे रूप 'मिड्ह्रिफ' असे होते. त्यातील 'मिड' म्हणजे मधला आणि 'ह्रिफ' म्हणजे पोट. 'ह्रिंग'चे 'रिंग' झाले, तसा येथेही 'ह' गळून पडला. मूळचा ग्रीक असलेला 'डायफ्रॅम' हा शब्द लॅटिनमार्गे इंग्रजीत आला आणि शास्त्रीय लेखनात त्यानेच या जुन्या शब्दाची जागा घेतली.

काळ कळल्यावर शेजारचे शब्द तपासावेत. शेक्सपिअरच्या 'चौथा हेन्री' या नाटकाच्या पहिल्या भागात राजपुत्र आपल्या लठ्ठ, विनोदी सोबत्याला, फॉल्स्टाफला, सुनावतो, की तुझ्या छातीत श्रद्धा, सत्य, प्रामाणिकपणा यांना जागाच नाही, ती आतडी आणि मिड्रिफ यांनीच भरलेली आहे. शेजारी आतडी असल्याने अर्थ आतल्या अवयवाचाच, हे उघड आहे. तरीही अशा तोंडसुखात 'श्वासपटल' हा पाठ्यपुस्तकी शब्द खटकतो, आणि तेथे 'आतडी-कोथळा' म्हणणे मला अधिक योग्य वाटते.

मिल्टनच्या 'पॅरडाइज लॉस्ट'मध्ये, बारा सर्गांच्या 1674 च्या आवृत्तीतील अकराव्या सर्गात, बायबलमधला काइन आपल्या भावाच्या, हाबेलच्या, मिड्रिफवर दगड हाणतो आणि त्या आघाताने त्याचा प्राण जातो. येथे 'पोटात दगड मारला' असे लिहिल्यास अर्थ फार उणा पडतो, कारण श्वास जिथून चालतो नेमक्या त्याच जागी कवीने घाव घातला आहे. 'बरगड्यांच्या खाली वर्मी दगड बसला' असे लिहिले, तर जागा आणि जिव्हारी लागणे ही दोन्ही राखली जातात. याउलट 'मिड्रिफला गुदगुल्या करणे' या जुन्या वाक्प्रचारासाठी अवयवाचे नाव शोधत बसू नये. हसताना हाच स्नायू हिसके देतो आणि त्यासाठी मराठीत 'पोट धरून हसवणे' तयारच आहे.

विसाव्या शतकात, 1940 च्या दशकात, कपड्यांच्या फॅशनने हा शब्द पुन्हा रूढ केला, आणि आज 'बेअर मिड्रिफ' म्हणजे छाती व कंबर यांच्यामधला उघडा भाग. स्वतः इंग्रजी लिहिताना हा शब्द याच अर्थाने वापरावा. वैद्यकीय अहवालात श्वासपटलाला इजा झाल्याचे नोंदवायचे असेल, तर तेथे 'डायफ्रॅम'च लिहावे, कारण 'मिड्रिफ' वाचून आजचा वाचक मार केवळ पोटाला बाहेरून लागला असे समजेल.