पावसानं शाळा बुडाली, आता दिवसभर काय?

थंड देशांत बर्फ पडला की शाळेला सुट्टी मिळते. बेळगावात बर्फ पडत नाही. वळवाच्या गारा पडतात, त्याही पोरांच्या मुठीत पोचेपर्यंत पाणी होतात. आपल्याला घरात कोंडतो तो जुलैचा पाऊस. रात्री दहाला फोन वाजतो, "उद्या डीसींनी सुट्टी दिली," (डीसी म्हणजे जिल्हाधिकारी) आणि पोरं गादीवर उड्या मारायला लागतात. आईबापांच्या डोक्यात एकच: कामावर जायचंय, आता हे दोघं दिवसभर घरात काय करणार?

चारपाच पावसाळे असे काढल्यावर मला एक कळलं. सकाळ कशीही जाते. दिवस बिघडतो दुपारी तीनच्या सुमाराला. तेव्हा मोबाईलची बॅटरी संपलेली असते, लाईट गेलेली असते आणि भावंडं एकमेकांच्या झिंज्या धरतात. म्हणून घरातली सगळ्यात मजेची गोष्ट सकाळी काढायची नाही, तीनसाठी राखून ठेवायची. बाकीची तयारी त्याच हिशेबानं.

मेसेज आधी नीट वाचा

सुट्टी बऱ्याचदा तालुक्यापुरती असते. खानापूरला असली म्हणजे बेळगावला असेलच असं नाही, आणि अथणीला तर बहुतेक नसतेच. गेल्या वर्षीचा आदेश तारीख खोडून फिरवणारे महाभागही आहेत. तारीख, तालुका, आणि शाळा की कॉलेज, एवढं बघा. शंका वाटली तर वर्गशिक्षकांना विचारा. आमच्या घरी एकदा सुट्टी समजून सगळे नऊपर्यंत झोपले आणि शाळा भरलेली होती. ते प्रकरण अजून अधूनमधून निघतं.

निपाणी-चिकोडीकडं गणित वेगळं. तिथं ऊन पडलेलं असतानाही सुट्टी लागू शकते, कारण पाणी वरून येतं. महाराष्ट्रातल्या धरणांतून विसर्ग वाढला की कृष्णा, दूधगंगा, वेदगंगा फुगतात आणि सखल पूल पाण्याखाली जातात. २०१९ च्या ऑगस्टमधला पूर तिकडं कोणी विसरलेलं नाही. नदीकाठच्या घरात अशा दिवशी खेळाच्या आधी कागदपत्रं प्लॅस्टिकच्या पिशवीत आणि माळ्यावर.

लाईट आहे तोवर

उठल्याउठल्या मोटर लावून टाकी भरा. फोन आणि बॅटरी चार्जिंगला. मिक्सरचं काय असेल ते, म्हणजे शेंगांची चटणी, खोबरं, नाश्त्याआधीच उरकून घ्या. दळण संपत आलं असेल तर गिरणीत डबा आत्ताच धाडा. प्यायचं पाणी उकळून ठेवा. पावसाळ्यात नळाचं पाणी कसं गढूळ येतं ते सांगायला नको.

युनिफॉर्मचंही आत्ताच बघा. तीन दिवस दोरीवर लटकून तो ओलाच असतो आणि कुबट वास मारतो. कोरड्या टॉवेलवर शर्ट पसरायचा, टॉवेलसकट गुंडाळी करायची आणि दोघांनी दोन टोकं धरून पिळायचं. टॉवेल ओला होतो, शर्ट निम्मा वाळतो. मग पंख्याखाली हँगरला, शेवटी इस्त्री. पिळायचं काम पोरांना द्या, त्यांना ती कुस्तीच वाटते.

सकाळी वेळापत्रक नको

अभ्यासाचा तास, चित्रांचा तास असले कागद भिंतीला लावू नका, अकराच्या आत फाटतात. बुडालेला दिवस पुढे एखाद्या शनिवारी-रविवारी भरून काढतातच. लोळू दे, टीव्ही बघू दे. दोघंही कामावर जाणार असाल तर शेजारच्या काकूंना किंवा खालच्या मजल्यावरच्या आजींना रात्रीच सांगून ठेवा आणि पोरांच्या हाती जाताना एक डबा काहीतरी द्या. आजी नको म्हणतात, पण डबा ठेवून घेतात.

सकाळी एकच काम लावायचं, पाऊस मोजायचं. वरपासून खालपर्यंत सारख्याच रुंदीचा स्टीलचा डबा घ्या, गच्चीवर भिंतीपासून आणि झाडापासून लांब ठेवा, वाऱ्यानं उडू नये म्हणून बाजूला विटा लावा. पट्टी आत सरळ उभी करून पाणी किती मिलिमीटर चढलं ते वहीत लिहायचं. हवामान खात्याचा पावसाचा दिवस सकाळी साडेआठ ते दुसऱ्या दिवशी साडेआठ असा असतो, तीच वेळ आपणही पाळायची. चोवीस तासांत ६४.५ मिमीच्या वर गेलं की त्यांच्या भाषेत जोरदार पाऊस, ११५.६ पासून अतिजोरदार, २०४.४ च्या पुढं अत्यंत जोरदार. आपला डबा कुठं बसतो ते पोरांना लावू दे.

मोठ्याला गणित घाला. एक चौरस मीटरवर एक मिलिमीटर पाऊस म्हणजे एक लिटर. दहा बाय दहा फुटांच्या खोलीचा स्लॅब साधारण ९.३ चौरस मीटर भरतो. शंभर मिलिमीटर पडला तर त्या एका खोलीवर किती? ९३० लिटर. माझ्या पोरीनं हे काढलं आणि घागरीनं भागून बघितलं. मग आजीला जाऊन म्हणाली, "आजी, नळाला रांग कशाला लावायची गं?" आजीकडं उत्तर नव्हतं, माझ्याकडंही नव्हतं.

डब्यावरून नकाशा निघतो. खानापूर तालुक्यातल्या कणकुंबीला मलप्रभा उगवते आणि पूर्वेला जाऊन कूडलसंगमला कृष्णेला मिळते. त्याच तालुक्याच्या जंगलातून म्हादई निघते ती पश्चिमेला, गोव्यात. एकाच तालुक्यावरचा पाऊस दोन समुद्रांना जातो. हे पोरांना तोंडानं सांगू नका, कागदावर निळ्या खडूनं काढायला लावा.

तीन वाजले

आता राखून ठेवलेलं काढा. आमच्याकडं ते म्हणजे चल्लस-आठ हा सोंगट्यांचा खेळ आणि सोबत हुलग्याचं, म्हणजे कुळथाचं, गरम माडगं.

सोंगट्या आणि फासे घरचेच. चार चिंचोके घ्या आणि पायरीच्या दगडावर पाण्याचा थेंब टाकून एकाच बाजूनं घासा. खर्र खर्र करत तपकिरी साल जातं आणि पांढरं पोट दिसायला लागतं. नेट लावून दोन-दोन बोटांनी घासावं लागतं, पुसून पुन्हा बघावं लागतं, आणि यातच अर्धा तास निघतो. फरशीवर खडूनं पाच बाय पाच घरांचा पट आखा. चारी बाजूंच्या मधल्या घरांवर आणि मध्यभागी फुली मारा, त्या घरात सोंगटी मरत नाही. प्रत्येकाला चार सोंगट्या: बटणं, शेंगांची टरफलं, काहीही. जितके चिंचोके पांढरे पडतील तितकी घरं पुढं. चारी पांढरे म्हणजे चार, चारी तपकिरी म्हणजे आठ, आणि दोन्हीला परत डाव. बाहेरच्या रांगेतून फेरा मारायचा, आतल्या रांगेत उलट्या दिशेनं फिरून मध्यात शिरायचं. दुसऱ्याची एक तरी सोंगटी मारल्याशिवाय आत जाता येत नाही. घराघरात नियम थोडे बदलतात, म्हणून सुरू करायच्या आधी आजीला पंच करा. धाकट्याला मारायला मिळालं नाही की तो पट उधळणार, हे गृहीत धरा आणि खडू जवळ ठेवा.

माडग्याला चौघांपुरतं चार मोठे चमचे हुलग्याचं भाजून दळलेलं पीठ आणि चार कप पाणी. पीठ आधी अर्ध्या कप गार पाण्यात कालवा. थेट उकळत्या पाण्यात टाकलंत तर गुठळ्या होतील आणि त्या फोडत बसाल. उरलेल्या पाण्यात लिंबाएवढा गूळ, चिमूटभर मीठ, सुंठ घालून उकळी आणा, कालवलेलं पीठ ओता आणि सात-आठ मिनिटं ढवळत राहा. दूध हवं तर गॅस बंद करून, थोडं निवल्यावर घाला, नाहीतर गुळानं फाटतं. नुसतं गोड नको असेल तर सोबत थालीपीठ आणि संकेश्वरी मिरचीचा ठेचा.

बाहेर जायचा हट्ट धरला तर

पाऊस उघडला की सगळ्यांना पाणी बघायला जायचं असतं. ओढ्याच्या पुलावर नाही, नदीकाठाला नाही, गोकाकचा धबधबा बघायला तर अशा दिवशी मुळीच नाही. घोट्याच्या वर वाहत्या पाण्यात पोरांना उतरवू नका. रस्त्यात तार पडलेली दिसली तर लांबूनच १९१२ ला कळवा. माणूस अडकलेला असेल तर ११२. दारातले बूट घालायच्या आधी झटका, पावसात काय काय आसऱ्याला येऊन बसतं सांगता येत नाही. एवढं सांभाळून अंगणात, गल्लीत, कागदाच्या होड्या सोडायला जाऊ दे. भिजून आल्यावर डोकं आधी पुसायचं, मग खाणं.

रात्री दप्तर भरून, युनिफॉर्म हँगरला लावून ठेवा. दहा वाजेपर्यंत फोन नाही आला तर शाळा आहे. डब्यातलं पाणी आत्ता ओतायचं नाही, ते सकाळी साडेआठला. तेव्हा पोरं रिक्षात असतील, त्यामुळं आकडा तुम्हीच वहीत लिहून ठेवा.