ड्युअल बूट लॅपटॉपवर एसक्यूएल सर्व्हर कोणत्या ड्राइव्हवर टाकायचा?

डेटाबेस शिकायला लागलेली बरीच मुलं एकाच लॅपटॉपवर विंडोज ११ आणि उबुंटू (लिनक्स) ठेवतात, म्हणजेच ड्युअल बूट. एसक्यूएल सर्व्हर या मायक्रोसॉफ्टच्या डेटाबेस सॉफ्टवेअरची मोफत डेव्हलपर एडिशन टाकायची वेळ आली की जागा कुठे जास्त आहे, एवढंच बघतात. मी त्यांना आधी विचारतो, सर्व्हर चालवणार कशावर? ते ठरलं की ड्राइव्हचा निम्मा प्रश्न सुटतो.

विंडोजवर टाकलेल्या सर्व्हरच्या सर्व्हिसेस (पडद्यामागे चालणारे प्रोग्रॅम) आणि रजिस्ट्रीतल्या (विंडोजच्या सेटिंग्जच्या साठ्यातल्या) नोंदी त्याच विंडोजमध्ये राहतात. त्यामुळे कॉमन पार्टिशनवर, म्हणजे डिस्कच्या दोन्हीकडून दिसणाऱ्या भागावर, टाकून दोन्हीकडून चालवू, हा बेत मनातून काढून टाका.

विंडोजवर चालवायचा असेल तर प्रोग्रॅम 'सी'मध्येच राहू द्या. 'डी' निवडला तरी काही भाग 'सी'वर जातोच. २०२२ च्या आवृत्तीला किमान ६ जीबी मोकळी जागा लागते. डेटा आणि लॉगच्या (बदलांच्या नोंदींच्या) फाइल्स मात्र 'डी'वर घ्या. सेटअपमध्ये 'डेटा डिरेक्टरीज'चा टॅब येतो, तिथे मार्ग बदलता येतो. पुढेमागे विंडोज नव्याने टाकावं लागलं तरी या फाइल्स हाताशी राहतात.

नवीन एनव्हीएमई एसएसडी (वेगवान प्रकारची डिस्क) असेल तर एक तपासणी चुकवू नका. एसक्यूएल सर्व्हरला ५१२ बाइट किंवा ४ केबीचे सेक्टर (डिस्क एका वेळी वाचते-लिहिते ते तुकडे) चालतात. काही एसएसडी विंडोज ११ ला यापेक्षा मोठा सेक्टर सांगतात. मग सेटअप जवळजवळ पूर्ण होतो आणि डेटाबेस इंजिन सुरूच होत नाही. नवखा माणूस पासवर्ड, फायरवॉल असं काहीबाही शोधत बसतो. अॅडमिन म्हणून कमांड प्रॉम्प्ट उघडा, विंडोजच्या 'एफएसयूटिल' या कमांडने त्या ड्राइव्हची सेक्टर माहिती काढा आणि 'फिजिकल बाइट्स पर सेक्टर'च्या ओळी वाचा. आकडा ४०९६ पेक्षा मोठा निघाला तर डेटासाठी दुसरा ड्राइव्ह घ्या, नाहीतर मायक्रोसॉफ्टने सांगितलेली रजिस्ट्रीतली दुरुस्ती आधी करून मगच सेटअप चालवा.

उबुंटूवर टाकणार असाल तर पार्टिशन ईएक्सटी४ किंवा एक्सएफएस या लिनक्सच्या फाइल सिस्टीमचं (फाइल्स साठवायच्या पद्धतीचं) हवं. डेटा मुळात रूट पार्टिशनमध्ये, म्हणजे उबुंटूच्या मुख्य पार्टिशनमध्ये, जातो, म्हणून उबुंटू टाकतानाच रूटला सढळ हाताने जागा द्या.

कॉमन एनटीएफएस (विंडोजची फाइल सिस्टीम) पार्टिशन ठेवा, पण बॅकअप आणि स्क्रिप्टसाठी. विंडोजवर घेतलेला बॅकअप उबुंटूवर त्याच किंवा नव्या आवृत्तीत रिस्टोअर होतो. विंडोजचं 'फास्ट स्टार्टअप' (पूर्ण बंद न होता पटकन सुरू होण्याची सोय) तेवढं बंद करा, नाहीतर ते पार्टिशन उबुंटूला नीट मोकळं मिळत नाही. आणि पार्टिशनला हात लावण्यापूर्वी बिटलॉकरची (विंडोजच्या डिस्क कुलूपबंद करणाऱ्या सोयीची) रिकव्हरी की कागदावर लिहून घ्या.